सारजाबाईची दाढ

"काच वर घे रं. वारं लागतंय," सारजाबाई म्हणाली.

यशराजने निमूट काच वर केली. कळस गावापासून बारामतीपर्यंत घामाच्या धारा लागल्या तरी चालतील, पण आईच्या दुखऱ्या गालाला वारा लागता कामा नये. असा मुलगा मिळायला नशीब लागतं, असं गावातल्या बायका म्हणायच्या. घरीही आईसाठी भाकरी दुधात कुस्करली जायची. सोबत म्हणून सूनही तीच खायची.

खिडकीशी बसलेल्या त्या सुनेने, मनिषाने, पदर तोंडाभोवती घट्ट ओढून घेतला.

दातांच्या दवाखान्यात दुखणं सांगायचं काम तिचंच. सारजाबाई नुसती मान हलवायची.

"डाव्या जबड्यातनं कानापतुर करंट बसल्यावानी व्हतंय. चूळ भरली तरी. घास तोंडात घ्यायचं भ्या वाटतं. जीव नको झालाय आत्यास्नी."

यशराज हसला. "लगीन झाल्यावर हिचा पण गाल दुखायचा, डॉक्टर. रानात तण भांगलायला जायचं म्हटलं की हमखास. आयचं खरं दुखणं बघितलं आन् हिचं थांबलं."

डॉक्टरही हसले. मनिषा तेवढी हसली नाही. सुनांना विनोद कळत नाहीत.

डॉक्टरांनी सारजाबाईच्या दाढा ठोकून पाहिल्या. "नुसत्या गोळ्यांवर किती दिवस काढायचे? या दाढेचा त्रास वाटतोय. आज काढून टाकू. नाही म्हणत असाल, तर मी पुढे गोळ्या देणार नाही."

"नगं," मनिषा पटकन म्हणाली. "आत्या, ऱ्हाऊ द्या त्या गोळ्या."

"तू गप," म्हणत सारजाबाईने तोंड उघडलं.

दाढ पक्की होती. भूल देऊनही म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डॉक्टर घामाघूम झाले तेव्हा कुठे दाढ निघाली. तिला कीड नव्हती. डॉक्टरांनी ती ट्रेमध्ये टाकली आणि नेहमीच्याच गोळ्या लिहून दिल्या. यशराजने मेडिकलमधून त्या लगेच आणल्या. आईच्या बाबतीत त्याने कधी हात आखडला नाही.

घरी पोचल्यावर तो शेळ्यांना पाला टाकायला गेला. सारजाबाईच्या ओठांच्या कडेने अजून रक्त येत होतं. ते पुसायला वाकलेल्या मनिषाला रडू आवरेना.

सारजाबाईने तोंडातला कापसाचा बोळा बाजूला काढला. पाकिटातली एक गोळी काढून तिने सुनेच्या हातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"घे. मला आजून दाढा हायती."