दुसरं काडतूस

पहिला वुडकॉक बर्चच्या बुंध्याशी पडला आणि त्याच क्षणी नेच्यांच्या दाटीतून दुसरा उठला. एम्रिसने बंदूक फिरवली, चाप ओढला. धाड! लांब चोचीचा तो तपकिरी पक्षी हवेतच गिरकी खाऊन खाली आला.

"दोन! लागोपाठ दोन!" डावीकडून ग्वेनने आरोळी ठोकली. शिकार तिच्याच रानात चालली होती.

"मीही बघितलं!" उजवीकडून त्याचा मेव्हणा इदवल ओरडला. "दाजी, जिंकलात की हो!"

बंदूक पुन्हा न भरता लागोपाठ दोन वुडकॉक, आणि तेही दोन साक्षीदारांसमोर. पश्चिम वेल्सच्या त्या दऱ्यांत शिकाऱ्याला याहून मोठा मान नाही. फेझंटसारखा जड रानकोंबडा काय, कुणीही पाडतो. वुडकॉक वेडावाकडा उडतो, झाडांमधून निसटतो, आणि एक दिसला म्हणून दुसरा दिसेलच याचा नेम नाही. एम्रिसने सत्तरी ओलांडली होती, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, आणि उभ्या जन्मात त्याला हे साधलं नव्हतं. इदवलला साधलं होतं. आपल्या दोन वुडकॉकांची इवलीशी टोकदार पिसं तो कित्येक वर्षं टोपीत खोचून मिरवत होता. त्याचे दोन्ही साक्षीदार देवाघरी गेले होते, त्यामुळे ती गोष्ट दर ख्रिसमसला थोडी थोडी वाढत चालली होती.

एम्रिसने बंदूक उघडली. एक रिकामं काडतूस उडून बाहेर पडलं. दुसरं जागचं हललं नाही. ते भरलेलं होतं.

तो बघतच राहिला. जुनी दुनळी बंदूक, दोन नळ्यांना दोन चाप. जाड लोकरी हातमोज्यातलं त्याचं बोट मागच्या चापावर गेलंच नव्हतं. घाईत त्याने पुढचाच चाप पुन्हा ओढला होता. मग आवाज कुठला? हेझलच्या झुडपांपलीकडे कुणीतरी त्याच वेळी फेझंटवर बार काढला होता. त्याचा कुत्रा तो फेझंट तोंडात धरून आत्ता मालकाकडे चालला होता. आणि वुडकॉक कसा पडला? एम्रिसने वर पाहिलं. वाऱ्याचा मागमूस नव्हता, तरी शेतावर जाणारी विजेची तार अजून हलत होती.

त्याने भरलेलं काडतूस काढलं आणि खिशात टाकलं. का टाकलं, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

जेवायला सगळे ग्वेनच्या कोठारात जमले. कोकराच्या मटणाचं वाफाळतं सूप होतं, पाव होता, घरी गाळलेली रानबोरांची दारू होती. जो तो येऊन एम्रिसच्या पाठीवर थाप मारत होता. त्याला बसवेना. तो दाराशी जाई, परत येई, वाडगा उचली, तसाच खाली ठेवी. खिशात हात गेला की काडतूस बोटांना लागत होतं.

"अरे, जरा टेक की कुठेतरी," ग्वेन म्हणाली. "नवऱ्यामुलासारखा काय घिरट्या घालतोयस?"

इदवल पलीकडे बसून त्या दोन वुडकॉकांच्या पंखांतली टोकदार पिसं हळूच उपटत होता. ती चिमटीत धरून तो उठला. त्याचा चेहरा खरोखरच खुलला होता.

"दाजी, टोपी आणा इकडे. मी खोचतो. चला, आता ख्रिसमसला मला एकट्यालाच बडबडायला नको."

एम्रिसचा हात टोपीकडे गेला. ती पिसं त्याला हवी होती. किती हवी होती, ते सांगून कुणाला पटलं नसतं.

"इदवल, थांब," तो म्हणाला.

त्याने खिशातलं काडतूस काढून सुपाच्या भांड्यापाशी उभं ठेवलं.

"हे माझं दुसरं काडतूस. बार झुडपांपलीकडचा होता. मी गाढवासारखा एकच चाप दोनदा ओढला. पक्षी तारेवर आपटून मेला."

ग्वेनने काडतूस उचलून उलटसुलट करून पाहिलं. मग तिला हसू फुटलं.

"म्हणजे आता पिसं वीजवाल्यांच्या टोपीत खोचायची म्हण की!"

सगळे खो खो हसू लागले. डोळे पुसत ग्वेन म्हणाली, "पण एम्रिस, आम्ही दोघांनी शपथेवर सांगितलं असतं रे!"

"म्हणूनच," एम्रिस म्हणाला.

तो खाली बसला आणि त्याने सूप संपवलं. फार वाईट वाटत होतं त्याला. पण बसता येत होतं.

इदवल हसला नव्हता. हातातली पिसं त्याने टेबलावर ठेवली. ती उडू नयेत म्हणून त्यांच्यावर पावाचा तुकडा ठेवला, आणि एम्रिसच्या शेजारी येऊन बसला.

"दाजी, कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं होतं ना. झोप लागली नसती मला."

"लागते," इदवल हळूच म्हणाला. "काही दिवसांनी लागते."

एम्रिसने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. इदवल पावाच्या तुकड्याकडे बघत होता.

दुपारच्या हाक्याला बर्फमिश्रित पाऊस सुरू झाला. माणसं आपापल्या जागी उभी राहिली. रानाच्या आतून हाकाऱ्यांच्या काठ्यांची ठकठक जवळ येऊ लागली. उजवीकडे इदवल बोडक्या डोक्याने उभा होता आणि पाणी त्याच्या टकलावरून कॉलरमध्ये उतरत होतं.

"इदवल!" पलीकडून ग्वेन ओरडली. "अरे, टोपी कुठाय तुझी?"

"वाऱ्याने नेली!"

एम्रिसने वर पाहिलं. पाऊस सरळ खाली पडत होता आणि विजेची तार जराही हलत नव्हती.