एक्केचाळिसावा दिवस

"सिस्टर, मले वापस याचं आहे."

प्रेमिलाताईंनी गॅस बारीक केला. चहा उतू जायच्या बेतात होता आणि फोनच्या पडद्यावरची पिंकीही. जर्मनीतल्या हॉस्पिटलात नोकरीला लागून तिला आज बावीस दिवस झाले होते.

"जेवली का?"

"नाही."

"मंग आधी जेव. रडणं कुठं पळून नाही जात. काय झालं, ते सांग."

झालं होतं असं. वॉर्डात चौऱ्याऐंशी वर्षांची एक आजी होती. पिंकीनं तिचं ताट पलंगाशेजारी ठेवलं आणि ती पुढच्या पेशंटकडे गेली. नागपुरात ती हेच करत आली होती. आपल्याकडे पेशंटजवळ सून असते, भाचा असतो, गेला बाजार शेजारची बाई तरी असते. ताट ठेवलं की भरवणारा हात आपोआप पुढे येतो. तिथे कोणी आलं नाही. आजीचे हात थरथरत होते. तासाभरानं मोठी सिस्टर आली, तेव्हा सूप गार झालं होतं आणि आजी उपाशी होती.

"तिनं विचारलं, अशी कशी निघून गेली तू? मी म्हटलं, हिच्या घरचे कुठं आहेत? सगळे माह्या तोंडाकडे पाहत राहिले, सिस्टर. मी शनिवारचं तिकीट पाहून ठेवलं आहे."

प्रेमिलाताईंनी गॅस बंद केला. पारशिवनीच्या बळीरामची ही पोर. परदेशी नोकरीला निघालेली गावातली पहिली मुलगी, म्हणून गावानं शाल-श्रीफळ देऊन पाठवलेली. नागपूरच्या महाल भागात, परदेशी जाणाऱ्या नर्सच्या क्लासमध्ये दीड वर्ष प्रेमिलाताईंनीच तिला तयार केलं होतं. तिथे सगळ्या मुली त्यांना 'लंडनवाल्या सिस्टर' म्हणत. तेवीस वर्षांपूर्वी इंग्लंडच्या हॉस्पिटलात नोकरी करून आलेली नागपूरच्या इंदोरा वस्तीतली ती पहिली बाई. परत का आलात, असं कोणी विचारलंच, तर सासरे आजारी पडले म्हणून त्या विषय बदलत. पिंकी आत्ता परतली, तर गावात तिला कोणी काही बोलणार नाही. ती स्वतःच स्वतःला जन्मभर बोलत राहील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी निळी डायरी उघडली. रोज फोनच्या आधी त्या ती वाचत. इंग्लंडातल्या एकेका दिवसाचं त्यांनी तेव्हा लिहून ठेवलं होतं. तेराव्या दिवशी शांततेनं कान दुखतात. सतराव्या दिवशी वाटतं, सगळे आपल्यावरच हसताहेत. त्या त्या दिवशी पिंकीला त्या आधीच सावध करत, आणि पिंकी म्हणे, तुम्हाले कसं समजते सिस्टर? बाविसाव्या पानावर एकच ओळ होती. 'आज ताट ठेवून निघून गेले. म्हातारी उपाशी राहिली.'

"ऐक," त्या म्हणाल्या. "उद्या ड्युटीच्या अर्धा तास आधी जा. त्या आजीले आपल्या हातानं भरव. मोठ्या सिस्टरले सांग, आमच्याकडे घरचे भरवतात, मले माहीत नव्हतं, चुकली मी. काही लपवू नको. आणि एक्केचाळिसाव्या दिवसापर्यंत थांब. त्या दिवशीही याचं म्हणशील, तं तिकीट मी काढून देतो."

"एक्केचाळीसच काहून?"

"त्या दिवशी सांगीन."

मग बाईनं कंबर कसली. फोनची एक संध्याकाळ चुकवली नाही. अस्मिताच्या, म्हणजे सख्ख्या भाचीच्या लग्नात बँडवाले ऐन रंगात आले होते, आणि मावशी मांडवामागे कानात बोट घालून विचारत होती, आजीनं किती घास खाल्ले? आजी खात होती. पिंकीच्याच हातानं खात होती. चौतिसाव्या दिवशी पिंकी पुन्हा ढासळली, तेव्हा प्रेमिलाताई चिडल्या.

"सात दिवस राहिले. सात दिवस तं माणूस दाढदुखीतही काढते."

चाळिसाव्या दिवशी त्यांनी डायरी वाचली आणि लगेच मिटली. त्या दिवशी त्यांनी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच सांगितलं, "आज बॅगेले हात लावू नको." पिंकीला हसू आलं. तिनं हो म्हटलं.

एक्केचाळिसाव्या दिवशी पिंकीचाच फोन आला, वेळेच्या दहा मिनिटं आधी.

"तिकीट काढू का वं?" प्रेमिलाताईंनी विचारलं. आवाज साधा ठेवायला त्यांना फार कष्ट पडले.

"कशाचं तिकीट? उद्या केरळची एक नवी पोरगी येऊन राहिली. तिले स्टेशनवर घ्याले मी जाऊन राहिली. ताटाचं तिले पहिल्याच दिवशी सांगून टाकतो." पिंकीच्या तोंडात घास होता. "बरं, ते जाऊ द्या. आज मले काय काय वाटणार आहे, ते सांगा ना. तुम्हाले तं सगळं माहीत असते."

प्रेमिलाताईंनी डायरीचं पान उलटलं. ते कोरं होतं. त्याच्या पुढचंही कोरं होतं. तेवीस वर्षं त्यांनी ते कोणाला दाखवलं नव्हतं.

"मले नाही माहीत, पिंकी," त्या म्हणाल्या. "मी चाळिसाव्या दिवशी बॅग भरून वापस आली होती. सासरे तं ठणठणीत होते. एक्केचाळिसावा दिवस कसा असते, ते आता तूच सांग. थांब, पेन घेतो."