सोडून गेलेली माणसं

“स्वतःहून सोडून गेले.”

तिनं ते शब्द पुन्हा वाचले. मग उठून खिडकीपाशी गेली, परत आली, आणि आणखी एकदा वाचले.

ऑफिसात सगळे तिला चाळणी म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. एखाद्या औषधावर जेवढे म्हणून अभ्यास झाले असतील तेवढे गोळा करायचे, एकेक पाखडायचा आणि शेवटी सांगून टाकायचं, की या औषधानं माणूस बरा होतो की नुसती कंपनी बरी होते. हे तिचं काम. मोठमोठ्या प्राध्यापकांची वर्षानुवर्षांची मेहनत तिनं एका ओळीत निकालात काढली होती, आणि त्यापायी तिची झोप कधी उडाली नव्हती.

आज समोर होती हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारी गोळी. अभ्यास मोठा होता, देखणा होता. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी खोटी. कुणाला कोणती, हे ना रुग्णाला ठाऊक ना तपासणाऱ्या डॉक्टरला. निकाल असा, की खरी गोळी घेणाऱ्यांत एकही मृत्यू नाही. या एका अभ्यासाच्या जोरावर ती गोळी दुकानादुकानात पोचली होती. फक्त तक्त्याच्या तळाशी, बारीक अक्षरात, एक ओळ होती. काही रुग्ण अभ्यास स्वतःहून सोडून गेले. खोटी गोळी घेणारे थोडे. खरी घेणारे पुष्कळ.

त्या अभ्यासात तिची आई होती. आणि आई काही सोडून गेली नव्हती. एका दुपारी खुर्चीत बसून स्वेटरची बटणं लावता लावता तिची मान कलली होती, ती कललीच.

तिनं अभ्यासाच्या मुख्य डॉक्टरांना फोन लावला. आईचं नाव सांगितलं. आवाज चढणार नाही याची काळजी घ्यायची ठरवलं होतं, पण ते काही जमलं नाही.

“माझी आई मेली, डॉक्टर. आणि तुम्ही छापलंत, सोडून गेली!”

पलीकडे बराच वेळ नुसता कीबोर्डचा आवाज.

“तपासणीला आल्या नाहीत म्हणून आमच्या ऑफिसातल्या मुलीनं घरी फोन केला होता,” डॉक्टर म्हणाले. “घरच्यांनीच सांगितलं, त्यांनी सोडलं म्हणून.”

“आणि तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत?”

“काय विचारणार? लोक कंटाळतात हो. मध्येच सोडून देतात.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. त्या खऱ्या गोळीच्या गटात होत्या.”

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती बाबांकडे गेली. घरच्यांनी सांगितलं म्हणे! थापा सगळ्या. बाबांकडून एकदा खात्री करून घ्यायची आणि मग त्या डॉक्टरांना सोडायचं नाही, असं सगळं भांडण तिनं बसमध्येच जुळवून ठेवलं.

बाबा शर्टाला इस्त्री करत होते. आई गेल्यापासून ते हे काम फार मन लावून करायचे.

“बाबा, आई गेल्यावर हॉस्पिटलमधून फोन आला होता?”

“आला होता की. घरात माणसं होती अजून.” बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली. “मुलगी होती कुणीतरी. गोड बोलत होती. म्हणाली, काकू आल्या नाहीत तपासणीला. मी म्हटलं, काकूंनी सोडलं गं सगळं. तर म्हणाली, गोळ्यापण? मी म्हटलं, हो बाळ, गोळ्यापण.”

“अहो, मेली म्हणून का नाही सांगितलंत?”

बाबा कॉलरवरून हात फिरवत राहिले. “तो शब्द तोंडातून निघेना. अजून नाही निघत.”

तिचं भांडण जागच्या जागी विरलं. तक्त्यातले ते बाकीचे ‘पुष्कळ’ तिला दिसायला लागले. कुणाचा नवरा, कुणाची सून, कुणाचा थोरला भाऊ. हातात फोन, आणि तो एक शब्द टाळून बोलणारा. कुणीच खोटं बोललं नव्हतं. घरच्यांनी सांगितलं नाही, हॉस्पिटलनं विचारलं नाही, आणि गोळी निर्दोष सुटली होती.

उद्या साहेबांना सगळं सांगायचं, हे तिनं मनाशी पक्कं केलं. हा अभ्यास बाद. सोडून गेलेल्या एकेका माणसाचं पुढे काय झालं ते शोधायला लावायचं. पण यातलं एक अक्षरही बाबांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. आईचा जीव कशानं गेला हे कळून आता त्यांच्या हाती काय लागणार होतं? उरलेले दिवस तरी सुखात जाऊ देत.

बाबांनी इस्त्रीचं बटण बंद केलं. आत जाऊन पाण्याचा पेला घेऊन आले. खिशातून एक पट्टी काढली, अंगठ्यानं दाबून गोळी बाहेर काढली आणि ती काही विचारायच्या आत गिळून टाकली.

“हे कसलं औषध?”

“तुला बोललो नव्हतो. म्हटलं, उगाच जीव टांगणीला लावून बसशील. मलाही हल्ली धडधडतं.” त्यांनी पट्टी तिच्या पुढ्यात धरली.

तिनं नाव वाचलं. सकाळपासून ती तेच तर वाचत होती.

“अशी बघू नकोस. काही होत नाही मला,” बाबा हसून म्हणाले. “तुझ्या आईच्या वाट्याला खोटी आली, म्हणून गेली बिचारी. मी डॉक्टरांच्या मागे लागून खरी लिहून घेतली.”