निरोपाचा केक

सॉल्वेगने केकचा डबा थेट कॉलेजच्या कार्यकारी मंडळाच्या टेबलावर, कागदांच्या मधोमध ठेवला आणि झाकण काढलं. सफरचंद आणि वेलचीचा वास खोलीभर पसरला.

"कुणाचा वाढदिवस?" हिशेब सांभाळणाऱ्या आस्गरने विचारलं.

"कुणाचाच नाही. माझ्या निरोपाचा आहे."

नोकरी सोडणाऱ्याने जाताना स्वतःच केक आणायचा, ही इथली रीत. मेलं जायचं आपण, आणि तोंड गोड करायचं राहणाऱ्यांचं! पण रीत ती रीत. सॉल्वेगचं कंत्राट आज संपत होतं. मेडिकल कॉलेजच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत ती पेशी वाढवायची, यंत्रं सांभाळायची, नव्यांना हाताला धरून शिकवायची. पण जागा काही कायम नव्हती. कुणा प्राध्यापकाचा निधी आला की कंत्राट, निधी संपला की केक. मग दुसऱ्या कुणाचा तरी निधी यायचा, आणि केकची चव जिभेवर असतानाच बाई परत त्याच स्टुलावर. खालची मंडळी चिडवायची, की सॉल्वेग जात कुठेच नाही, नुसती खाऊ घालते. या खेपेला मात्र पुढे कुणाचाच निधी दिसत नव्हता.

आणि आजच्या बैठकीत प्रस्ताव होता तो तिचाच. जे संशोधनात हाडाची काडं करतात पण प्राध्यापक कधी होणार नाहीत, अशांसाठी पायऱ्या बांधायच्या: कायम नोकरी, अनुभव वाढेल तशी बढती, आणि सगळ्यात वर अख्खी प्रयोगशाळा चालवण्याची जागा. तिने आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या कीर्स्टिनने दोन हिवाळे बसून तो लिहिला होता. आज बोलण्यासाठी तिने भाषणही पाठ केलं होतं. आस्गरने वाढदिवस विचारला आणि ते साफ डोक्यातून उडालं.

आस्गर माणूस वाईट नव्हता. पण सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. निधी आज आहे, उद्या नाही, असं त्याचं म्हणणं. कायमची माणसं घेऊन ठेवली आणि निधी आटला, तर पगार कुठून द्यायचा? शेवटी जरा मऊ आवाजात त्याने जोडलं, की सॉल्वेगबद्दल कुणाची काडीची तक्रार नाही, ती तर सगळ्यांना हवीच आहे.

"हवी आहे ना?" सॉल्वेग म्हणाली. "मग जरा आजूबाजूला बघा. इथल्या प्रत्येकाने माझ्या निरोपाचा केक खाल्लाय. आस्गर, तू तर दोन तुकडे घेतले होतेस. दर वेळी निरोप मी घेतला, आणि वरच्या पदावर चढलात तुम्ही."

डीन मेरेटने चष्मा काढून पुसायला घेतला. ही मेरेट डॉक्टरेट करत होती तेव्हा सॉल्वेगच्याच शेजारच्या स्टुलावर बसायची, आणि पहिल्यांदा सगळ्या पेशी मेल्या तेव्हा तिच्याच खांद्यावर रडली होती. हाच केक तिनेही खाल्ला होता, आणि पुढच्या सोमवारी सॉल्वेग परत दिसल्यावर पोट धरून हसली होती. आज तिला त्या हसण्याची लाज वाटली.

मेरेटने प्रस्तावातलं एक कलम पुन्हा वाचायला सांगितलं. प्रत्येक निधीतून थोडा वाटा काढून एक सामाईक गंगाजळी करायची. एकाचा झरा आटला तरी सगळ्यांचे काही एकदम आटत नाहीत. मग तिने आस्गरकडे पाहिलं.

"वाचलंय मी ते," आस्गर म्हणाला. "परत परत वाचलंय. त्यात खोट सापडत नाही, त्याचाच तर राग येतोय."

आणि प्रस्तावाच्या बाजूने पहिला हात त्यानेच वर केला.

बाकीचे हात सॉल्वेगने पाहिलेच नाहीत. तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची तिला गरजही वाटेना. प्रस्ताव मंजूर, आणि आज कंत्राटावर असलेल्या प्रत्येकाला ही पायरी लागू, मागची सगळी वर्षं धरून, असं मेरेटने जाहीर केलं. सॉल्वेगचं कंत्राट संध्याकाळपर्यंत होतं. म्हणजे त्यात तीही आलीच.

ती सुरी घेऊन केक कापायला वळली, तर मेरेटने तिचा हात धरला.

"निरोपाचा केक मी पुष्कळ खाल्ला, सॉल्वेग. आता पुरे."

मेरेटने भिंतीतलं कपाट उघडलं. वाढदिवसांसाठी ठेवलेले लाल-पांढरे कागदी झेंडे तिथे पेल्यात उभे होते. त्यातला एक उचलून तिने केकच्या मधोमध खोचला आणि डबा सॉल्वेगच्या हातात दिला. आस्गरचं तोंड उतरलं. त्याला खरोखर खायचा होता.

खाली प्रयोगशाळेत मंडळी गंभीर चेहऱ्याने वाट पाहत होती. जाणाऱ्याला द्यायची भेट रंगीत कागदात बांधून तयार होती. कीर्स्टिन कॉफी ओतत होती. तिचं स्वतःचं कंत्राट वसंतात संपायचं होतं. दार ढकललं गेलं, आधी झेंडा आत आला आणि मागून सॉल्वेग. निरोपाच्या केकवर झेंडा कुणी लावत नाही. कीर्स्टिनची किटली अर्ध्यावरच थांबली.

"कुणाचा वाढदिवस?" तिने विचारलं.

सॉल्वेगने डबा टेबलावर ठेवला आणि सुरी तिच्या हातात दिली.

"माझा," ती म्हणाली. "आणि तुझाही. काप."