पोकुआच्या टाकीचं पाणी

दुफीनं पाण्याची पिशवी कात्रीनं कापली, पाणी ग्लासात ओतलं आणि उजव्या हातानं ट्रे म्हातारीपुढे धरला. सेर्वा म्हातारीनं ग्लासाकडे पाहिलं. हात मांडीवरून उचलला नाही.

"घ्या ना, आई," टेबलापलीकडून डॉ. अम्पोन्सा म्हणाले. ते विद्यापीठाच्या देणगी विभागाचे संचालक. टेबलावर घानाचा चिमुकला झेंडा, मागे भिंतीवर दात्यांच्या वार्षिक भोजनाचं पोस्टर. पोस्टरवर डावीकडून दुसरी सेर्वाच होती, हातात प्रशस्तिपत्र धरलेली.

"हे नको," ती म्हणाली. "पोकुआच्या टाकीतलं आण."

डॉक्टरांनी कारकून दुफीकडे पाहिलं. दुफीनं पंख्याकडे.

आलेल्याला आधी खुर्ची, मग पाणी, आणि पाणी पोटात गेल्यावरच येण्याचं कारण विचारायचं. एवढं वळण डॉक्टरांना घरातूनच होतं. याआधी चार वेळा म्हातारी या खुर्चीत बसली होती. चारही वेळा मुकाट्यानं पाणी प्यायली, कारण सांगितलं, उत्तर घेऊन गेली. पहिल्यांदा पाइप बंदरात अडकले होते. मग समितीची सभा व्हायची होती. मग पंपाचं टेंडर. चौथ्या वेळी फाइल लेखापरीक्षकाकडे गेली होती.

"टाकी तर उभी आहे, आई. मुलींच्या वसतिगृहामागे. लेकीच्या नावाची पाटी आहे. पडदा तुम्हीच सरकवलात. बँड होता."

"बँड छान होता."

"मग?"

"मग पाणी आण."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. कुलगुरूंची बैठक दहा मिनिटांवर आली होती. "बरं, ते राहू द्या. सांगा, कशासाठी येणं केलंत?"

"न प्यायलेल्या पाहुण्याला विचारतोस?" म्हातारीचा आवाज जराही चढला नाही. "कोणत्या गावचा रे तू? आई आहे ना अजून?"

दुफीला खोकला आला. सहीसाठी दाराशी उभे असलेले दोन प्राध्यापक जायचे थांबले.

डॉक्टरांची कानशिलं तापली. "दुफी, पाण्याचा जग घेऊन जा. आण भरून. मागच्या महिन्यात टँकर सोडायला सांगितलंय मी."

दुफी गेली. डॉक्टरांनी कपाटातून जाड फोल्डर काढला आणि एकेक कागद तिच्यापुढे मांडू लागले. ही पावती. हे आभारपत्र. हा फोटो. हा समितीचा ठराव, हे त्याचं परिशिष्ट.

सेर्वा बाजारात धुरावलेले मासे विकायची. लेकीच्या अंत्यविधीला लोकांनी हातावर ठेवलेले सगळे पैसे, शेवटच्या सेडीपर्यंत, तिनं इथे आणून दिले होते. पोकुआ इथल्या वसतिगृहात असताना पहाटे चारला उठून दोन बादल्या तीन जिने चढवायची. तिच्यामागून आलेल्या पोरींना ते करावं लागू नये, एवढंच म्हातारीनं मागितलं होतं. तेही त्या ठरावात नीट टाइप केलेलं होतं.

म्हातारीनं कागदांवरून हळूच बोट फिरवलं. "सगळे कोरडे ठेवलेत हो तुम्ही."

एक प्राध्यापक हसला आणि लगेच गंभीर झाला.

दुफी परतली तेव्हा तिचा ब्लाउज घामानं पाठीला चिकटला होता. जग तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

"नळ सोडला, सर. आधी वारा आला. मग एक कोळी."

"टँकर?"

"मुलींना विचारलं. हसल्या. म्हणाल्या, मावशी, टाकीच्या खांबांना आम्ही दोरी बांधलीय कपडे वाळवायला. पाणी हवं तर खालच्या विहिरीवर जा, आणि जाताच आहात तर आमच्याही बादल्या न्या."

डॉक्टरांनी फोल्डर मिटला, उघडला, पुन्हा मिटला.

"ओत," म्हातारी म्हणाली.

"काय ओतू, आई?"

"आणलंस ते."

दुफीनं धुतलेला ग्लास घेतला आणि त्यावर जग तिरपा केला. पार तळ दिसेपर्यंत तिरपा केला. मग ग्लास ट्रेमध्ये ठेवून, रीतीप्रमाणे, उजव्या हातानं पुढे धरला.

म्हातारीनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. ग्लास ओठांना लावला आणि सावकाश, मधे न थांबता, शेवटपर्यंत प्यायली. गळा हलताना सगळ्यांना दिसला. ग्लास परत ट्रेमध्ये ठेवून तिनं कापडाच्या टोकानं तोंड पुसलं.

"प्यायले," ती म्हणाली. "आता विचार, कशासाठी आले."