चेष्टा

"अजून किती नंबर?" अच्युतने पुन्हा विचारलं.

"दोन. बस."

"आई, घर चलते हैं ना."

जबलपूरच्या नेपियर टाउनमधल्या दवाखान्यातला बाक त्याच्या गुडघ्याबरोबर हलत होता. तीन आठवड्यांनी तो घराबाहेर पडला होता, गेमचा मोबाईल आईच्या पर्समध्ये ठेवून. एकविसाव्या वर्षी. आता उठून गेला तर पुन्हा येणार नाही, हे कुंदाला ठाऊक होतं.

त्याचं मन गुंतावं म्हणून तिने फॉर्म त्याच्याकडे दिला. त्याने नुसतं नाव लिहिलं आणि फॉर्म परत तिच्या हातात दिला. मग ती स्वतःच भरत बसली. छातीत धडधड? हो. घाम? हो. भूक? कमी. विचारावं लागलं नाही. त्याचं सगळं तिला पाठ होतं.

पुढची ओळ होती : खेल छोड़ने के लिए चेष्टा. समोर तीन चौकोन. कभी नहीं, कभी-कभी, रोज़.

कुंदाने 'रोज़'वर ठळक खूण केली.

"बरं झालं विचारलं यांनी. तुझ्या बाबांना किती सांगितलं, काहून पोराची चेष्टा करून राहिले? पण नाही! 'आम्ही कारखान्यात खऱ्या तोफा बनवतो, साहेब पलंगावरून चालवतात.' वर स्वतःच हसतात. आता सांगतील डॉक्टर त्यांना."

अच्युतने फॉर्ममध्ये डोकावलं आणि त्याला हसू फुटलं. शेजारच्या बाईने वळून पाहिलं.

"आई, ये हिंदीवाली चेष्टा है."

"म्हणजे?"

"प्रयत्न. मतलब, गेम सोडायचा प्रयत्न कितनी बार केला."

"अगं बाई!" कुंदाने कपाळावर हात मारला. "पंचवीस वर्षं झाली जबलपुरात, अन् हे असं. बरं, तुझ्या बाबांना नको सांगू. चिडवायला जन्मभर पुरवतील."

हसतच तिने खूण खोडायला पेन टेकवलं. दुसरी खूण 'कभी नहीं'वर करायची होती.

अच्युतने तिचं मनगट धरलं. गुडघा अजून हलत होता, पण हसू गेलं होतं. त्याने फॉर्म स्वतःच्या मांडीवर ओढला.

"नको खोडू," तो म्हणाला. "रोजच करतो मी."