उताराची बाजू

पाणलोटाच्या कामाला आलेल्या इंजिनिअरबाईंनी शेतातल्या आटलेल्या बोअरमध्ये भरपूर पाण्यासोबत हिरवा रंग ओतला. “घाबरू नका काका, काही अपाय नाही त्याचा. इथलं पाणी जमिनीखालून कुठे निघतं, तेवढं कळेल.”

काकांनी परवानगी द्यायला फार आढेवेढे घेतले होते. फवारणीचं उरलंसुरलं औषध ते वर्षानुवर्षं याच बोअरमध्ये ओतत आले होते. पण उतार शेजाऱ्याकडे होता. रंग निघालाच तर त्याच्या विहिरीत निघेल, म्हणून ते निर्धास्त झाले.

दोन दिवसांनी सून स्वयंपाकघरातून ओरडली, “बाबा, आपल्या विहिरीच्या नळाला हिरवं पाणी आलंय!”

काका धावत आत आले. “बाळाला पाजू नकोस ते!”

“छे हो, हे कसं पाजीन? कालचं नितळ पाणी भरून ठेवलंय ना, तेच पाजतेय.”